बंदुकीचा लिलाव आणि मधला माणूस

"अमेरिकेत काय, कॉम्प्युटरवर बोट ठेवले की आठ दिवसांत बंदूक घरपोच!" हे वाक्य आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकले असेल. आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गात एकदा हा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत सर्वांचे याच वाक्यावर एकमत झाले. एरवी परीक्षेच्या तारखेवरही आमचे एकमत होत नाही. म्हणून मला थोडी शंका आली आणि मी या प्रकरणाच्या मागे लागले.

गंमत अशी की, हे वाक्य एके काळी अक्षरश: खरे होते. कॉम्प्युटर तेवढा नव्हता. १९६३ च्या फेब्रुवारीत 'अमेरिकन रायफलमन' या मासिकात शिकागोच्या क्लाइन्स नावाच्या दुकानाची जाहिरात आली होती. मार्च महिन्यात डॅलस शहरातून कोणा 'ए. हिडेल'ने तिच्यातले कूपन कापले आणि सोबत २१ डॉलर ४५ सेंटची मनीऑर्डर धाडली. जुन्या इटालियन लष्करी रायफलीचे, दुर्बिणीसकट, १९ डॉलर ९५ सेंट. वर दीड डॉलर पाठवणावळ. रायफल टपालपेटीच्या पत्त्यावर सुखरूप पोचली. हिडेल नावाचा माणूस अस्तित्वातच नव्हता. ते ली हार्वे ऑस्वाल्डने घेतलेले खोटे नाव होते, आणि त्या वर्षीच्या २२ नोव्हेंबरला त्या रायफलीने काय केले ते सर्व जगाला ठाऊक आहे.

एवढे होऊनही कायदा व्हायला पाच वर्षे लागली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबरात अध्यक्ष जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. या कायद्याचे मर्म थोडक्यात सांगायचे तर असे: एका राज्यातील सामान्य नागरिकाने दुसऱ्या राज्यातील सामान्य नागरिकाच्या हाती बंदूक थेट द्यायची नाही. मध्ये केंद्र सरकारचा परवाना असलेला विक्रेता हवाच. आज जे ऑनलाइन लिलाव चालतात ते सर्व या मधल्या माणसाच्या खांद्यावर उभे आहेत.

लिलावाचा इतिहास फार जुना नाही. 'ईबे' या प्रसिद्ध संकेतस्थळावर सुरुवातीच्या काळात बंदुकाही विकल्या जात. १९९९ मध्ये त्यांनी त्या बंद केल्या. ती जागा रिकामी राहणार थोडीच! त्याच वर्षी 'गनब्रोकर' नावाचे केवळ शस्त्रांच्या लिलावाचे संकेतस्थळ निघाले आणि आजही या व्यवसायात त्याचेच नाव प्रथम घेतले जाते. या संकेतस्थळाकडे स्वत:ची एकही बंदूक नसते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आपल्याकडे मार्केट यार्डात आडत्या जसा माल विकून देऊन आपली आडत घेतो, तसे हे संकेतस्थळ विक्रेत्याकडून विक्रीच्या किमतीवर कमिशन घेते. माल विक्रेत्याच्या कपाटात आणि पैसा ग्राहकाच्या खिशात.

हे सारे मला पुस्तकातून कळले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. माझा मामेभाऊ ओहायो राज्यातल्या एका लहान गावी नोकरीला आहे. एका रात्री त्याचा फोन आला. "अगं, शेजारच्या आजींना लोणच्याची बरणी द्यायला गेलो, तर त्यांनी कपाट उघडून तीन बंदुका दाखवल्या!" आजींचे यजमान वारले होते. ते शिकारीचे शौकीन. मुलगा दूर, त्याला यात रस नाही. आजींना या वस्तू घरात नको होत्या आणि दादा 'कॉम्प्युटरवाला' असल्यामुळे लिलावाचे काम त्यांनी बिनदिक्कत त्याच्यावर सोपवले.

इथे पहिली अडचण दादाचीच निघाली. तो नोकरीच्या व्हिसावर आहे, कायमचा रहिवासी नव्हे. अशा तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी माणसाने बंदूक बाळगणे अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गुन्हा आहे. तिथे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांनाही हाच नियम लागू आहे. अपवाद आहेत, आणि त्यातला एक मोठा मजेदार आहे: राज्याचा शिकारीचा परवाना काढला, तर बंदी लागू होत नाही. आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी दोन-चार जण तिकडे जातात, म्हणून मुद्दाम लिहिते. मित्राने हौसेने हातात दिली तरी सांभाळून. 'बाळगणे' या शब्दात नेमके काय काय बसते, हे वकिलाला विचारत बसण्यापेक्षा दादाने हात पाठीमागे बांधलेले पसंत केले. बंदुका आजींनी धरल्या, चादर आजींनी अंथरली. दादाने फक्त छायाचित्रे घेतली आणि मजकूर टंकित केला.

त्या तीन बंदुकांपैकी एक विंचेस्टर कंपनीची मॉडेल ९४ रायफल, दांडा खालीवर करून काडतूस भरायची. दुसरी दुनळी छऱ्यांची बंदूक. तिसरे एक रिव्हॉल्व्हर. रायफलीच्या निमित्ताने दादाला या बाजाराचे पहिले शिक्षण मिळाले. १९६४ मध्ये विंचेस्टरने खर्च कमी करण्यासाठी या मॉडेलची घडण बदलली, त्यामुळे त्यापूर्वीच्या नगाला संग्राहक जास्त मोल देतात. नगावरच्या क्रमांकावरून साल काढता येते. आजींची रायफल त्याआधीची निघाली. आजी ती घासूनपुसून चकचकीत करायला निघाल्या होत्या, तेवढ्यात दादाने कुठेतरी वाचले की जुन्या बंदुकीचा मूळ काळपट निळा रंग घालवला की तिची किंमतही जाते. घासणे थांबले. लाकडी दस्त्यावरचा ओरखडा, झिजलेले स्क्रू, नळीचे तोंड, सगळ्याची जवळून छायाचित्रे घ्यावी लागतात. दोष लपवला तर ग्राहक माल परत करतो. परतीची मुदत आणि अटी विक्रेत्याने लिलावापूर्वीच लिहायच्या असतात.

बोलीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. लासलगावच्या कांद्याच्या लिलावात माणसे समोरासमोर असतात. इथे ग्राहक आपली जास्तीत जास्त किंमत यंत्राला गुपचूप सांगून ठेवतो आणि यंत्र त्याच्या वतीने जरूर तेवढीच बोली चढवते. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून सौदा व्हायचा, त्याचाच हा विजेवर चालणारा चुलतभाऊ म्हणावा. विक्रेत्याला राखीव किंमत ठेवता येते. तिच्या खाली विकण्याचे बंधन त्याच्यावर नाही. काही धीट विक्रेते मात्र एका सेंटपासून बोली सुरू करतात. त्यामुळे गर्दी जमते, पण दोनच ग्राहक आले तर मालक बुडतो. आणखी एक नियम मला फार आवडला. शेवटच्या पंधरा मिनिटांत कोणी बोली लावली, तर लिलाव आपोआप पुढे सरकतो. शेवटच्या सेकंदाला टपकून डाव साधणाऱ्याची त्यामुळे पंचाईत होते. 'एक वार, दोन वार, तीन वार' म्हणणारा माणूस नसला, तरी त्याचे काम घड्याळ करते.

लिलावात विकली जाते ती नेहमी वस्तूच असे मात्र नाही. फ्लोरिडात २०१२ साली ट्रेव्हॉन मार्टिन हा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा ज्या पिस्तुलाने मारला गेला, ते पिस्तूल त्याच्या मारेकऱ्याने (न्यायालयात तो २०१३ मध्ये निर्दोष सुटला होता) २०१६ च्या मे महिन्यात लिलावाला काढले. बोलीची सुरुवात पाच हजार डॉलरपासून होती. गनब्रोकरने ती जाहिरात काढून टाकली. दुसऱ्या एका संकेतस्थळाने ती घेतली, तेव्हा चिडलेल्या लोकांनी खोट्या नावांनी बोली लावून आकडा साडेसहा कोटी डॉलरच्या वर नेला. कायद्याने त्याला विक्रीचा हक्क होता. तरी एका बाजाराने नाही म्हटले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

आता लिलाव संपला. पुढे काय? इथेच आपल्या वर्गाचे एकमत कोसळते. बोली जिंकलेला माणूस आपल्या गावातल्या परवानाधारक विक्रेत्याला गाठतो. तो विक्रेता आपल्या परवान्याची प्रत पाठवतो. परवान्याचा क्रमांक खरा आहे की नाही, हे सरकारी संकेतस्थळावर कोणालाही ताडून पाहता येते. पैसे पोचल्यावर बंदूक जाते ती त्या विक्रेत्याच्या दुकानात. पैशाचीही एक तऱ्हा आहे. पेपाल शस्त्रांच्या व्यवहाराला शिवत नाही, म्हणून कित्येक जुने विक्रेते अजून टपाल खात्याची मनीऑर्डर मागतात. ऑस्वाल्डच्या वेळची मनीऑर्डर टिकली, त्याचे कूपन मात्र गेले.

पाठवण्याचे प्रकरण किचकट आहे. हातात मावणारी शस्त्रे, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, सामान्य माणसाने टपालाने पाठवू नयेत असा कायदा तिथे १९२७ साली झाला. खासगी कुरिअर कंपन्यांनीही अलीकडे आपली दारे परवानाधारकांपुरतीच उघडी ठेवली आहेत. म्हणून आजींनी सोपा मार्ग धरला. त्यांच्याच गावातल्या परवानाधारक दुकानदाराकडे तिन्ही बंदुका नेऊन दिल्या आणि पाठवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. त्याने आपल्या वहीत नग, क्रमांक, कोणाकडून आला आणि कोणाकडे गेला हे टिपून घेतले. ही वही ठेवणे त्याला सक्तीचे आहे.

ग्राहक आपल्या दुकानदाराच्या गल्ल्यासमोर उभा राहतो तेव्हा त्याच्यापुढे फॉर्म ४४७३ येतो. पहिल्याच प्रश्नांत विचारलेले असते की, बंदूक खरोखर तुम्ही स्वत:साठी घेत आहात ना? हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाही. व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने आपल्या काकासाठी पिस्तूल घेतले आणि फॉर्मवर 'स्वत:साठी' म्हणून खूण केली. काकाही बंदूक घ्यायला पूर्ण पात्र होता. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो गुन्हाच ठरवला. फॉर्म भरला की दुकानदार एफबीआयच्या तपासणी यंत्रणेला विचारतो. ही यंत्रणा १९९३ च्या ब्रेडी कायद्यानुसार उभी राहिली आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये सुरू झाली. उत्तर तीनच प्रकारचे: द्या, थांबा, देऊ नका. 'थांबा' आले आणि कामाच्या तीन दिवसांत पुढे काही कळले नाही, तर केंद्रीय कायद्याने दुकानदार बंदूक देऊ शकतो. या तीन दिवसांची किंमत २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमधील नऊ माणसांनी मोजली. मारेकऱ्याला बंदूक मिळायला नको होती. पण तपासणी वेळेत पुरी झाली नाही.

आपल्याकडची पद्धत या संदर्भात पाहिली तर फरक चटकन ध्यानात येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे आपल्याकडेही खासगी मालकाला आपली बंदूक विकता येते, हे मला आधी खरे वाटेना. पण घेणाऱ्याजवळ परवाना आधीपासून हवा. शिवाय जिल्हा दंडाधिकाऱ्याला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला घेणाऱ्याच्या नावपत्त्यासह लेखी कळवायचे आणि पंचेचाळीस दिवस थांबायचे. कोकणात शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक बाळगणाऱ्या शेतकऱ्यालाही परवाना लागतो आणि निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात मात्र १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली बंदूक 'बंदूक'च धरली जात नाही, ती पुराणवस्तू. आपल्याकडे आधी माणसाची परीक्षा होते आणि मग व्यवहार. तिथे बहुतेक राज्यांत परीक्षा व्यवहाराच्या वेळी, गल्ल्यावर होते. (इलिनॉयसारखी काही राज्ये आधी ओळखपत्र मागतात, पण ती वेगळी.)

आणि व्यवहार गल्ल्यावर आलाच नाही तर? खरी मेख इथे आहे.

१९६८ चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्या विक्रीला अडवतो. एकाच राज्यातील दोन खासगी माणसांत सौदा झाला, तर केंद्राला फॉर्मही नको आणि तपासणीही नको. विक्रेत्याने एवढेच पाहायचे की, समोरचा माणूस अपात्र आहे असे आपल्याला माहीत नाही आणि तसे वाटण्यास सबळ कारणही नाही. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो यांसारख्या राज्यांनी स्वत:चे कायदे करून ही फट बुजवली आहे. ओहायोने बुजवलेली नाही.

आजींच्या रिव्हॉल्व्हरवर बोली चालू असतानाच एक निरोप आला. "मी शेजारच्याच काउंटीतला. दुकानदाराला फी कशाला द्यायची? शंभर डॉलर वर देतो, रोख. बाजाराच्या पार्किंगमध्ये भेटू." कायद्याने यात गुन्हा नव्हता. संकेतस्थळाचे कमिशन बुडवणे त्याच्या नियमांविरुद्ध होते, पण ती गोष्ट निराळी. आजींना शंभर डॉलर काही कमी नव्हते. "ह्यांनी चर्चमधल्या एकाला अशीच बंदूक विकली होती. कोणी काही विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या आणि दादाचे मत विचारले.

दादाने त्यांना विस्कॉन्सिनची हकीकत सांगितली. २०१२ च्या ऑक्टोबरात तिथल्या न्यायालयाने एका माणसाला बायकोपासून दूर राहण्याचा हुकूम देऊन बंदूक बाळगायला मनाई केली होती. दुकानात तो तपासणीत अडकला असता. म्हणून त्याने 'आर्म्सलिस्ट' या जाहिरातींच्या संकेतस्थळावर खासगी विक्रेता शोधला आणि रोख पैसे देऊन पिस्तूल घेतले. ब्रूकफील्ड गावात बायको जिथे काम करीत होती, तिथे जाऊन त्याने तिच्यासह तिघींना ठार केले आणि मग स्वत:ला संपवले. मुलीने संकेतस्थळावर दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो फेटाळला, कारण १९९६ च्या कायद्यानुसार दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी संकेतस्थळावर येत नाही. विकणाऱ्याने तरी काय करावे? एफबीआयची ती यंत्रणा खासगी विक्रेत्याला खुली नाही. त्याने फोन करून विचारायचे ठरवले तरी त्याला उत्तर मिळत नाही. तपासणी हवी असेल, तर परवानाधारकाच्या गल्ल्यावर जाणे हाच एक मार्ग.

आजींनी उत्तर लिहायला सांगितले: दुकानात या, फी मी भरते. त्यानंतर त्या माणसाकडून काहीच आले नाही. तो वाईट माणूस होता असे मी म्हणणार नाही. फॉर्म भरण्याचा कंटाळा असलेली आणि सरकारला आपले नाव कळू नये असे मनापासून वाटणारी पुष्कळ सरळ माणसे त्या देशात आहेत. फक्त, तो कोण होता हे आजींना कळण्याची सोय नव्हती.

खासगी विक्रेते सगळेच बेफिकीर असतात, असेही समजू नये. अमेरिकेच्या संसदेसाठी काम करणाऱ्या हिशेबतपासणी कार्यालयाने २०१७ मध्ये एक अहवाल दिला. त्यांच्या गुप्त तपासनीसांनी इंटरनेटच्या उघड भागावर बहात्तर वेळा बेकायदा खरेदीचा प्रयत्न केला आणि एकही साधला नाही. छप्पन्न विक्रेत्यांनी व्यवहार पुरा करण्यास नकार दिला. उलट इंटरनेटच्या अंधाऱ्या भागात सात प्रयत्नांपैकी दोन यशस्वी झाले. टीका करायची तर हा अहवालही वाचून करावी.

वाद आणखी एका जागी आहे. खासगी विक्रेता कुठे संपतो आणि व्यापारी कुठे सुरू होतो? आजी तीन बंदुका विकतात, त्यांना परवाना नको. पण कोणी दर महिन्याला तीन घेतो आणि तीन विकतो, त्याचे काय? १९८६ च्या कायद्याने अधूनमधून विकणाऱ्याला आणि आपला संग्रह मोडणाऱ्याला मोकळे सोडले. उपजीविका आणि नफा हा मुख्य हेतू असेल तोच व्यापारी, अशी व्याख्या केली. २०२२ मध्ये ती बदलून 'प्रामुख्याने नफ्यासाठी' एवढेच ठेवले. या बदलाचा अर्थ स्पष्ट करणारा सरकारी नियम २०२४ मध्ये निघाला आणि निघताच न्यायालयात गेला. एका शब्दावर किती माणसांचा परवाना अवलंबून असतो, हे व्याकरणाच्या तासाला झोपणाऱ्यांनी जरूर पाहावे.

आजींचे रिव्हॉल्व्हर शेवटी दुसऱ्या राज्यातल्या एका ग्राहकाला गेले, दोन दुकानांच्या वह्यांतून. उद्या ते कुठे भलत्या ठिकाणी सापडले, तर माग काढण्याचे काम पश्चिम व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग गावच्या केंद्रात होईल. बंद पडलेल्या दुकानांच्या वह्या आणि फॉर्म तिथे खोक्यांनी येऊन पडतात. ग्राहकाचे नाव घालून शोधण्याची सोय तिथे मुद्दामच नाही. देशभरची नोंदवही करायला १९८६ च्या कायद्याने मनाई केली आहे. म्हणून माग नेहमी उगमापासून निघतो. आधी कारखान्याला विचारायचे, मग घाऊक व्यापाऱ्याला, मग ज्या दुकानाने ते प्रथम विकले त्याला. आणि त्या दुकानाच्या जुन्या वहीत नाव असेल ते आजींच्या यजमानांचे. तेव्हा विचारपूस येणार ती आजींच्याच घरी. दुकानदाराने दिलेली पावती त्यांनी त्याच रिकाम्या कपाटात ठेवली आहे आणि तिच्यावर ग्राहकाच्या दुकानाचा परवाना क्रमांक आहे.